मैलाच्या दगडाशेजारी उभे आबा : जुन्या फोटोतल्या पाटीवरून गाव आणि साल कसं काढायचं

दिवाळीला माळा आवरताना पत्र्याची पेटी निघते, पेटीत फोटो निघतात, आणि त्यातल्या एखाद्यात आबा धोतर-टोपीत मैलाच्या दगडाला टेकून उभे असतात नाहीतर मावशी-काका स्कूटर थांबवून एखाद्या फाट्यावरच्या पाटीखाली. मागं काहीच लिहिलेलं नसतं. माणसं गेली, सांगायला कोणी उरलं नाही, आणि त्या फोटोत बोलू शकणारी एकच गोष्ट राहिलेली असते, ती पाटी. म्हणून माझा अशा पाट्यांवर जीव आहे. आणि नेमकं तिचंच वाचन लोक चुकवायलेत.

चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. आधी फोटो कुठल्यातरी अ‍ॅपमध्ये घालून "क्लिअर" करतात, मग घरच्या ग्रुपवर टाकतात आणि विचारतात "हे औसा आहे ना?", मग सगळे हो म्हणतात, मग फोटोच्या मागं बॉलपेननं "औसा १९६५" लिहून मोकळे होतात, आणि भिंग घेऊन पाटी बघायची वेळ आली तर ती सगळ्यात शेवटी. हे पूर्ण उलटं करायचंय. आधी मूळ फोटो सांभाळायचा, मग पाटी जशी दिसते तशी उतरवायची, मग अर्थ लावायचा, त्यानंतर माणसांना विचारायचं, आणि लिहिणं सगळ्यात शेवटी.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, पुढचं सगळं तिच्यावर चालतं. पाटी तारीख सांगत नाही, कुंपण सांगते. "हा फोटो याच्या आधीचा असूच शकत नाही" एवढंच ती खात्रीनं सांगू शकते.

तयारी : काय काय जवळ घ्यायचं

मोठं काही लागत नाही. एक भिंग (चष्म्याच्या दुकानात मिळतं ते चालतं), रंगकामाचा मऊ कोरडा ब्रश जो रंगात कधी बुडवलेला नाही, मऊ शिशाची पेन्सिल (६बी वगैरे), कोरी वही, जाड पांढरा कागद, आणि स्कॅनर. स्कॅनर घरी नसेल तर झेरॉक्सच्या दुकानात असतो, पण तिथं स्वतः उभं राहायचं. हात साबणानं धुवून पूर्ण कोरडे करा, तेल-क्रीम काही नको. फोटो कडेनं धरायचा, चेहऱ्यावर आणि पाटीवर बोट नाही.

वहीत प्रत्येक फोटोला एक पान द्या आणि पानाचे तीन भाग करा : "दिसतं ते", "अर्थ", "कोणी सांगितलं". हे तीन भाग एकमेकांत मिसळले की सगळी मेहनत वाया जाते, म्हणून रेघा आधीच मारून ठेवा.

टप्पा १ : अल्बममधून फोटो सोडवणं

काळ्या पानांच्या जुन्या अल्बममध्ये फोटो चार कोपऱ्यांत अडकवलेले असतात, ते सोपे. त्रास देतात ते चिकट पानांवर वरून प्लास्टिक असलेले अल्बम. तिथं नख घालून ओढायचं नाही. दातात घालायचा बारीक दोरा मिळतो ना मेडिकलमध्ये, तो फोटोच्या एका कोपऱ्याखालून सरकवा आणि करवतीसारखा हळूहळू पुढं-मागं करत न्या. अर्ध्यात अडकला तर थांबा, दुसऱ्या कोपऱ्यातून या.

काचेला चिकटलेला फोटो (फ्रेममध्ये पावसाळ्याची ओल जाऊन असं होतं) अजिबात सोडवायला जाऊ नका. काचेसकट स्कॅन करा.

पुसायचं नाही. ओलं फडकं नाही, थुंकी नाही, स्पिरिट नाही. ब्रशनं धूळ झटकायची एवढंच.

फोटो निघाला की आधी पाठ बघा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलनं लिहिलेला रोलचा नंबर, कागद कंपनीचं पुसट नाव, जे असेल ते वहीत उतरवा. शेजारच्या पानावर कोणते फोटो होते तेही लिहा, कारण एकाच रोलचे फोटो बहुतेक वेळा शेजारी-शेजारी लावलेले असतात आणि याच्यात न दिसणारी पाटी पुढच्यात दिसते.

आणि निगेटिव्ह शोधा, खरंच शोधा. आग्फाच्या क्लिक थ्री कॅमेऱ्याचे चौकोनी मोठे निगेटिव्ह पुष्कळ घरांत पाकिटात पडून असतात आणि घरच्यांना वाटतं त्याचा आता काय उपयोग. छोट्या प्रिंटवर पाटी म्हणजे ठिपका, आणि निगेटिव्हवर तिचं अक्षर न्‌ अक्षर वाचता येतं असं मी स्वतः पाहिलंय.

टप्पा २ : कॉपी करणं

पोस्टकार्डाएवढ्या किंवा साडेतीन बाय पाच इंचाच्या प्रिंटला ६०० डीपीआय पुरतं. क्लिक थ्रीच्या छोट्या चौकोनी प्रिंटला १२०० ठेवा. फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करा, कारण पिवळे डाग आणि पाटीवरची शाई पुढं वेगळी काढता येते. फाईल टिफ किंवा पीएनजी. "ऑटो करेक्शन", "डस्ट रिमूव्हल" वगैरे जे काही चालू असेल ते बंद करा, ते डाग समजून अनुस्वार खातं. फोटोची पाठही स्कॅन करा.

स्कॅनर नसेलच तर मोबाईल चालतो. खिडकीजवळ, पण थेट ऊन नाही, फ्लॅश नाही. फोटो जाड पांढऱ्या कागदावर सपाट ठेवा, मोबाईल बरोबर वर आडवा धरा, एकदम जवळ जाऊ नका, थोडं लांबून झूम दोनवर ठेवून घ्या म्हणजे कडा वाकत नाहीत. कोणाला पाठवायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पाटीचा चिखल होतो.

सांभाळा : एआयचं "एनहान्स", "रिस्टोर", "कलराइज" या टप्प्यावर नाही आणि पाटीपुरतं तर कधीच नाही. ते अक्षर वाचत नाही, नवीन घडवतं. पुसट "१४" ला ते सरळ "११" करतं आणि इतकं झकास करतं की कोणाला शंकासुद्धा येत नाही. माझ्या आईकडच्या एका फोटोबाबत असं झालंय. लॅबमध्ये "चांगला करून द्या" म्हणून दिला, त्यांनी सुधारलेली प्रिंट दिली, मूळ प्रिंट गहाळ केली, आणि सुधारलेल्या दगडावर जे अक्षर आहे ते कोणत्याही भाषेतलं नाही. ते गाव आता आम्हाला कधीच कळणार नाही. म्हणून मूळ प्रिंट हातातून सोडू नका, कोणालाच.

इथं थांबून तपासा : स्कॅन पूर्ण मोठा करून पाटी बघा. भिंगातून मूळ फोटोत जेवढं दिसतं तेवढं स्क्रीनवर दिसतंय का? नसेल तर परत स्कॅन करा, पुढं जाऊ नका.

टप्पा ३ : पाटी जशीच्या तशी उतरवणं

सगळ्यात जास्त घाई लोक इथं करतात. "दिसतं ते" या भागात फक्त दिसणारं लिहायचं. "ज ? ल ना, खाली १४ किंवा १९" असं. "जालना" असं लिहायचं नाही, अजून नाही. मेंदूला गाव आधी सुचतं आणि मग डोळे तेच बघतात, म्हणून अक्षरं मोजा, मात्रा कुठं दिसते ते लिहा, शेवटचं अक्षर उभ्या रेघेनं संपतं का गोलाईनं ते लिहा.

आधी बघा फोटो उलटा छापलेला आहे का. निगेटिव्ह पालथं ठेवून प्रिंट काढली की सगळं आरशातल्यासारखं होतं, आणि पाटी पुसट असली की ते लक्षात येत नाही. खुणा सोप्या आहेत. पुरुषाच्या शर्टाची बटणपट्टी, घड्याळाचा हात, बाईचा पदर कोणत्या खांद्यावर, मोटारीचं स्टिअरिंग कोणत्या बाजूला. यातल्या दोन-तीन खुणा एकदम उलट आल्या तर आधी स्कॅन पलटवा.

मग स्कॅनची एक कॉपी घ्या (मूळ फाईल कधीच बदलू नका) आणि तिच्यावर कॉन्ट्रास्ट वाढवा, निगेटिव्ह करून बघा, लाल-हिरवा-निळा चॅनल (फोटोतले तीन रंगांचे थर) वेगवेगळा बघा. पिवळ्या पडलेल्या प्रिंटवर निळ्या चॅनलमध्ये डाग जास्त आणि लाल चॅनलमध्ये कमी दिसतात, त्यामुळं अक्षर बऱ्याचदा लाल चॅनलमध्ये मोकळं होतं. उलट कधी मोठं करून वाचता येत नाही ते लहान करून, लांबून, डोळे किलकिले करून वाचता येतं. दोन्ही करा.

आकड्यांत घोळ होतो तो असा :

देवनागरीत १ आणि ९, ३ आणि ६ एकमेकांसारखे वाटतात, आणि जुन्या वळणाचे ५ आणि ८ आताच्या पोरांना ओळखूच येत नाहीत. एखाद्या आजोबांकडून जुने आकडे कागदावर लिहून घ्या, पण फोटो त्यांना दाखवू नका अजून.

आपल्या मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या दगडांवर उर्दू असतं. उर्दू अक्षरं उजवीकडून वाचायची पण आकडा डावीकडूनच. उर्दूत शून्य म्हणजे नुसतं टिंब, आणि जो गोलसर दिसतो तो पाच. "१५" ला "१०" वाचल्याची चूक याच्यामुळंच होते. सात हा इंग्रजी व्ही सारखा आणि आठ हा उलट्या व्ही सारखा, म्हणजे फोटो खालचा वर करून धरला तर सात-आठची अदलाबदल. उर्दू येणारा माणूस आपल्याकडं प्रत्येक गावात आहे, त्याला फक्त अक्षराचा भाग कापून दाखवा.

इंग्रजीत नावांची स्पेलिंगंसुद्धा जुनी असतात. बीडला "भीर" लिहायचे, नांदेडच्या शेवटी "डी" च्या जागी "आर" यायचा. ते दुसरंच गाव समजून लोक नकाशात शोधत बसतात.

इथं थांबून तपासा : वही बंद करा, दुसऱ्या दिवशी तीच पाटी नव्यानं वाचून वेगळ्या कागदावर उतरवा. दोन्ही जुळलं नाही ते अक्षर "?" राहील.

टप्पा ४ : ही पाटी आहे कोणाची

गावाच्या नावाच्या मागं लागण्याआधी पाटीची जात ओळखा. मैलाचा दगड, फाट्यावरची दिशा दाखवणारी पाटी, गावाच्या वेशीवरचं नाव, वळणाची-घाटाची धोक्याची पाटी, रेल्वे स्टेशनचा बोर्ड, एसटीची पाटी, दुकानाचा बोर्ड. प्रत्येकीचा अर्थ वेगळा. दगडावर जे नाव असतं ते फोटो काढलेल्या गावाचं नसतं, पुढच्या गावाचं असतं! हे इतक्या जणांना सांगावं लागतं. "दगडावर परभणी लिहिलंय म्हणजे फोटो परभणीचा" नाही, फोटो परभणीपासून तेवढ्या अंतरावरचा.

रंगीत फोटो असेल तर दगडाच्या वरच्या भागाचा रंग बघा. पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्यमार्ग, काळा किंवा निळा म्हणजे जिल्ह्याचा रस्ता, आणि भगवा-नारिंगी म्हणजे प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा, जी योजना डिसेंबर २००० ची, म्हणजे तो फोटो त्याच्या आधीचा नाही. पण सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या रंगीत प्रिंट लालसर पडतात, निळा-हिरवा उडून जातो, मग हिरवा दगड तपकिरी दिसतो. शेजारचं गवत कसं दिसतंय ते बघा, गवतच तपकिरी असेल तर दगडाच्या रंगावर काही ठरवू नका. काळ्या-पांढऱ्यात तर रंगाचा अंदाज करूच नका.

धोक्याच्या पाटीत वर नुसता पोकळ लाल त्रिकोण आणि खाली वेगळ्या चौकोनी पत्र्यावर वळणाचं चित्र असेल तर ती जुनी मांडणी. आता चित्र त्रिकोणाच्या आतच असतं.

एसटीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण इथं हुशार माणसंपण फसतात. फोटोत एसटी आहे, नंबर एमएच-२० ने सुरू होतो, म्हणून फोटो औरंगाबादचा असं ठरवून टाकतात. पण चिकलठाण्याला एसटी महामंडळाचं वर्कशॉप आहे, तिथं बांधलेल्या गाड्यांची नोंदणी तिथलीच होते आणि त्या गाड्या राज्यात कुठंही पळतात. तेव्हा नंबरवरून जागा काढू नका, गाडीवर आगाराचं नाव असतं ते वाचा, आणि पुढच्या पाटीवर कुठून कुठं ते वाचा.

सांभाळा : स्टुडिओतल्या फोटोत मागं रस्ता, डोंगर, कार दिसते ती पडद्यावर रंगवलेली असू शकते. पायाखाली बघा. फरशी किंवा सतरंजी दिसली तर पाटी विसरून जा.

टप्पा ५ : मैल का किलोमीटर, आणि त्यावरून जागा

दगडावर नुसता आकडा असतो, पुढं काही लिहिलेलं नसतं, आणि सगळे त्याला किलोमीटर धरून चालतात. मेट्रिक मापं देशात ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि रस्त्यावरचे दगड बदलत जायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. त्यामुळं साठच्या दशकातल्या फोटोत दोन्ही सापडू शकतं.

ओळखायची एक साधी युक्ती आहे. दगडावर दोन गावं दिसत असतील आणि दगड त्या दोघांच्या मधल्या रस्त्यावर असेल तर दोन्ही आकड्यांची बेरीज करा. समजा जालना १४ आणि औरंगाबाद २४. बेरीज ३८. जुन्या रस्त्यानं जालना ते औरंगाबाद साधारण ६० किलोमीटर. ३८ किलोमीटर तर होत नाही, पण ३८ मैल म्हणजे ३८ गुणिले १.६, आले ६१. म्हणजे आकडे मैलांचे. आणि औरंगाबादपासून २४ मैल म्हणजे ३८-३९ किलोमीटर, जालन्यापासून साडेबावीस, म्हणजे फोटो बदनापूरच्या आसपासचा. एवढ्या साध्या बेरजेनं गावाच्या दोन-चार किलोमीटरपर्यंत पोहोचता येतं, मला हे अजूनही फार भारी वाटतं.

दोन्ही गावं एकाच दिशेची असतील (जवळचं आणि त्याच्या पुढचं) तर बेरीज नाही, वजाबाकी. मोठ्या आकड्यातून लहान वजा केला की त्या दोन गावांतलं अंतर येतं, ते नकाशाशी जुळवा.

बुटका दगड आणि त्यावर १ ते ७ मधला एकच आकडा दिसला तर तो फर्लांगाचा दगड असू शकतो. मैलात आठ फर्लांग, एक फर्लांग साधारण २०० मीटर. त्याला "५ किलोमीटर" समजून मोजलं की सगळंच बिघडतं. आणि किलोमीटरच्या काळातही दर २०० मीटरला बारके दगड असतात, त्यांच्यावरचा आकडा किलोमीटरचा नाही.

नकाशात मोजताना मोबाईल आपोआप नवा बायपास धरतो, जालन्याकडं तर समृद्धीवरच नेऊन घालतो. रस्ता बोटानं ओढून जुन्या रस्त्यावर, गावांच्या मधून न्या. सरळ रेघेत कधी मोजू नका. दोन-तीन किलोमीटरचा फरक राहीलच, कारण जुनं अंतर शहराच्या आतल्या जागेपासून धरलेलं असतं, तो फरक माफ करा. सात-आठचा फरक आला तर मात्र वाचन चुकलंय, टप्पा ३ ला परत.

एकाच नावाची गावं हा आपल्याकडचा मोठाच ताप आहे. पिंपळगाव, वडगाव, बोरगाव, शिरसगाव किती सांगावीत, आणि त्यात बुद्रुक-खुर्द. पाटीवर कंसात बु. किंवा खु. आहे का ते भिंगातून परत बघा. नुसतं "पिंपळगाव ३" वर काहीच ठरवता येत नाही, शेजारचं दुसरं गाव लागतंच.

जागा काढताना आणखी दोन गोष्टी लक्षात असू द्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी भागातली कित्येक गावं नव्या जागेवर वसली, नाव तेच, जागा दुसरी. त्या पट्ट्यातला त्याआधीचा फोटो असेल तर आजच्या नकाशातलं गाव चालणार नाही, आणि असा फोटो सापडला तर तो जपून ठेवा, ते गाव तसं आता कुठंच नाही. दुसरं, पैठणच्या वरच्या अंगाला जुने रस्ते नाथसागराच्या पाण्याखाली गेलेत. नकाशात रस्ताच सापडत नाही म्हणून वाचन चुकलं असं लगेच समजू नका, भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे बघा.

टप्पा ६ : साल काढणं, म्हणजे दोन कुंपणं घालणं

वहीत दोन ओळी लिहा. "याच्या आधीचा नाही" आणि "याच्या नंतरचा नाही". पाटी आणि आसपासच्या गोष्टी पहिल्या ओळीला खात्रीनं भरतात, दुसऱ्या ओळीला फक्त सुचवतात. कारण साधं आहे : नवी गोष्ट निघायच्या आधी फोटोत येऊ शकत नाही, पण जुनी पाटी बदलायच्या तारखेनंतरही वर्षानुवर्षं तशीच उभी असते. उर्दू दगड दिसला म्हणून फोटो १९४८ च्या आधीचा ठरत नाही, तसले दगड रस्त्याकडंला कितीतरी वर्षं होते.

आपल्या भागात सगळ्यात कामाला येतं ते जिल्ह्याचं नाव. ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या, दुकानाच्या बोर्डवर "ता. अमुक जि. तमुक" असतं ना, ते. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला, म्हणून "ता. भोकरदन जि. औरंगाबाद" किंवा "ता. परतूर जि. परभणी" असा बोर्ड त्याच्या आधी रंगवलेला. लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ चा, म्हणजे "ता. औसा जि. उस्मानाबाद" हा त्याच्या आधीचा बोर्ड आणि "जि. लातूर" दिसलं तर फोटो त्याच्या नंतरचाच. हिंगोली १ मे १९९९, तेव्हा "ता. वसमत जि. परभणी" असेल तर बोर्ड त्याआधीचा. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही जिल्ह्यांची सरकारी नावं २०२३ ची. आणि मोमिनाबाद वाचलं तर ते अंबाजोगाई.

बाकीच्या खुणा मी अशा वापरतो. पंचायत समिती, जिल्हा परिषद हे शब्द बोर्डवर असतील तर फोटो मे १९६२ च्या आधीचा नाही. दुकानाच्या बोर्डवर सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा नाही. गाडीचा नंबर एमएच आणि दोन आकडे अशा पद्धतीचा असेल तर जुलै १९८९ च्या आधीचा नाही, त्याआधी तीन इंग्रजी अक्षरं आणि मग आकडा असायचा. एमएच-३८ हिंगोलीचा, म्हणून तो आणखी अलीकडचा. फोटोत लुना असेल तर १९७२ च्या आधीचा नाही, मारुती ८०० असेल तर डिसेंबर १९८३ च्या आधीचा नाही. विद्यापीठाच्या बोर्डवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव असेल तर १४ जानेवारी १९९४ च्या आधीचा नाही.

महामार्गाचे नंबर २०१० मध्ये बदलले. सोलापूर-बीड-औरंगाबाद-धुळे हा जुना २११ आता ५२ आहे, उमरगा-नळदुर्गावरून हैदराबादला जाणारा जुना ९ आता ६५, आणि परभणी-नांदेडचा जुना २२२ आता ६१. "५२" दिसला तर २०१० नंतरचा, हे पक्कं. "२११" दिसला तर मात्र २०१० च्या आधीचाच असं नाही, पाट्या बदलायला वेळ लागला.

सांभाळा : नव्वदच्या दशकातल्या फोटोंच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख छापलेली असते. कॅमेऱ्याचा सेल बदलला की ती तारीख परत सुरुवातीला जायची आणि पुष्कळ जण ती लावतच नसत. आईच्या अंगात स्वेटर आणि तारीख मे महिन्याची असेल तर कोणाचं ऐकायचं ते तुम्हीच बघा.

इथं थांबून तपासा : दोन्ही कुंपणांत घरातली एक पक्की गोष्ट बसते का? लहान मूल कडेवर आहे आणि त्याचं जन्मसाल माहितीय, लग्न झालंय का नाही, आबांची टोपी, आज्जीचं कुंकू. पाटी सांगते १९७२ नंतर आणि कडेवरचा काका १९६८ चा, तेव्हा तो चार वर्षांचा तरी दिसायला पाहिजे. नाही दिसत? मग एकतर तो काका नाही, नाहीतर पिनकोड म्हणून जे वाचलं ते दुसरंच काहीतरी आहे.

टप्पा ७ : आता माणसांना विचारा

आता, म्हणजे तुमचं वाचन वहीत लिहून झाल्यावरच. आणि विचारताना गावाचं नाव तोंडातून काढू नका. "अण्णा, हे बदनापूर आहे का?" असं विचारलं की अण्णा हो म्हणणार, मोठ्या माणसाला तुमचं मन मोडायचं नसतं. आधी पाटीचा भाग हातानं झाकून फोटो द्या आणि गप्प बसा. "हा रस्ता कुठला असंल?" एवढंच. मग ते झाडाबद्दल बोलतील, फरशी पुलाबद्दल बोलतील, कोणाच्या लग्नाला चालले होते ते सांगतील. बोलू द्या, मोबाईलवर रेकॉर्ड करा (विचारून). पाटी शेवटी दाखवा.

एकेकट्याला विचारा. चार जण एकत्र बसले की जो मोठ्यानं बोलतो त्याचं गाव ठरतं. दोन माणसांनी वेगवेगळं बसून तेच सांगितलं तर त्याला वजन आहे.

घरच्यांपेक्षा कधीकधी बाहेरचा माणूस जास्त सांगतो. जुना एसटी ड्रायव्हर, बांधकाम खात्यातला रिटायर झालेला मैलकुली, ट्रकवाला. मैलकुलीनं तर आयुष्यभर त्याच दगडांना चुना लावलेला असतो, त्याला वळण ओळखू येतं, आपल्याला पाटी वाचूनही येत नाही.

टप्पा ८ : जमलं तर जागेवर जाऊन या

सकाळी जा, फोटोतल्या सावलीच्या वेळी. प्रिंट नाही, मोबाईलमध्ये कॉपी न्या. दगड सापडायची आशा ठेवू नका, चौपदरीकरणात बहुतेक गेलेत, क्वचित एखादा कोणाच्या तरी बांधाला किंवा देवळापुढं शेंदूर लावून बसवलेला दिसतो. तुम्हाला जुळवायचीय ती मागची डोंगराची रेघ, टेकडीवरचं देऊळ, नदीचं वळण. रस्ता रुंद होतो, झाडं जातात, पण बालाघाटाच्या रांगेची कड तीच राहते. तसाच उभं राहून एक फोटो घ्या. जाणं होत नसेल तर गुगलवर रस्त्याचे फोटो बघता येतात, बऱ्याच ठिकाणी तेवढ्यानं भागतं.

हमरस्त्यावर उभं राहून मागं सरकत फोटो घेऊ नका. सोबत एक माणूस ठेवा जो फक्त गाड्यांकडं बघेल.

टप्पा ९ : लिहून ठेवणं

फोटोच्या पाठीवर बॉलपेन नाही, मार्कर नाही, स्टिकर नाही. मऊ पेन्सिलनं, कडेला, हलक्या हातानं, फोटो कडक फळीवर पालथा ठेवून, आणि फक्त एक नंबर. बाकी सगळं वहीत आणि फाईलच्या नावात. चकचकीत प्लास्टिकसारख्या पाठीवर पेन्सिल उठत नाही, तिथं फोटो कागदी पाकिटात ठेवून पाकिटावर लिहा (आधी लिहायचं, मग फोटो घालायचा).

नोंद अशी करा : पाटीवर जे नाव आहे ते तसंच, मग आजचं नाव, मग जागा, मग दोन्ही कुंपणं, आणि प्रत्येकासमोर तीनपैकी एक शब्द : नक्की, बहुधा, अंदाज. आमच्या वहीतलं एक पान इथं देतो.

"फोटो १७. पाटी : जालना १४, औरंगाबाद २४ (नक्की). आकडे मैलांचे (नक्की, बेरजेवरून). जागा : बदनापूरजवळ, जालना रस्ता (बहुधा). आधीचा नाही : १९५८, कडेवर आत्या, जन्म १९५६, दोन-अडीच वर्षांची दिसते (बहुधा). नंतरचा नाही : १९६५ च्या आसपास, दगड मैलाचाच आहे म्हणून (अंदाज). सांगणारे : मोठे मामा, पाटी झाकून दाखवल्यावर 'बदनापूरच्या अलीकडचा लिंब' म्हणाले. आत्या म्हणते मी नाहीच ती, धाकटी आहे."

तिचं म्हणणंही लिहून ठेवलंय. धाकटी १९५९ ची, म्हणजे ती असेल तर पहिलं कुंपण तीन वर्षं पुढं सरकतं, आणि क्लिक थ्रीचं त्या रोलचं निगेटिव्ह अजून मामांच्या पेटीत शोधायचं राहिलंय.